दोन-पंचाहत्तर-अठरा

रायगड जिल्ह्यात मोटारसायकलचं पंधरावं वर्ष सरत आलं की तिला पेणची वारी घडते. एमएच 06 हा क्रमांक पेणच्या आरटीओचा. पनवेलला एमएच 46 मिळण्याआधी तिकडच्या गाड्याही याच पाटीने फिरायच्या. कायद्याने खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. नमुना 25 भरायचा, पर्यावरण कर भरायचा, 1 एप्रिल 2022 पासून तीनशेवरून हजार रुपयांवर गेलेलं शुल्क भरायचं आणि गाडी घेऊन निरीक्षकासमोर उभं राहायचं. आदल्या आठवड्यात मग गाडीला न्हाऊमाखू घातलं जातं. इंडिकेटर पेटतो का, हॉर्न वाजतो का, आरसे आहेत का, हे सगळं आठवतं आणि शेवटी नजर टायरकडे जाते. नक्षी दिसते आहे ना? मग झालं.

नक्षी दिसते म्हणजे टायर चांगला, हा समज नव्या, रोज पन्नास किलोमीटर पळणाऱ्या गाडीपुरता ठीक आहे. पंधरा-वीस वर्षांच्या शंभर सीसीच्या गाडीला तो लागू पडत नाही. ही गाडी आता घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी झालेली असते. मुलाने नवी घेतली, म्हणून वडिलांची स्प्लेंडर दुकानापर्यंत, शेतापर्यंत आणि स्टेशनपर्यंत उरते. महिन्याला शे-दोनशे किलोमीटर. अशा गाडीचा टायर झिजत नाही, तो म्हातारा होतो. झिजलेला टायर निदान दिसतो तरी. म्हातारा टायर दुरून तरणाताठा वाटतो आणि पहिल्या पावसात, वळणावर, आपलं वय सांगतो.

रबराचं हे म्हातारपण रसायनशास्त्राचं आहे. कच्चं रबर चिकट आणि लिबलिबीत असतं. त्यात गंधक मिसळून तापवलं की रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजाग जोडल्या जातात आणि ताणलं तरी पूर्ववत होणारा पदार्थ तयार होतो. चार्ल्स गुडइयरला हे 1839 मध्ये सापडलं. टायर कारखान्यातून बाहेर पडला तरी हे जोडकाम पुरतं थांबत नाही. उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांच्यामुळे नव्या गाठी पडत राहतात आणि रबर कडक होत जातं. दुसरीकडे हवेतला ओझोन पृष्ठभागावरच्या साखळ्या तोडतो, त्यातून बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा उमटतात. यावर उपाय म्हणून कंपन्या रबरात मेण आणि ओझोनरोधक द्रव्यं घालतात. टायर फिरला, दबला, पसरला की ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन संरक्षक थर धरतात. टायरच्या कडेवर कधीकधी तपकिरी झाक दिसते ती याचीच. गाडी उभीच राहिली तर हे मेण वर येण्याचं कामही मंदावतं. पडवीत वर्षभर झाकून ठेवलेल्या गाडीच्या टायरला भेगा का पडतात, याचं उत्तर इथे आहे.

वय ओळखायला ज्योतिषी लागत नाही. टायरच्या भिंतीवर एका छोट्या लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे त्या वर्षीच्या जूनच्या सुरुवातीचा माल. तीनच आकडे दिसले तर टायर 2000 सालाच्या आधीचा. मग पुढे वाचण्याची गरज नाही, आधी तो उतरवावा. बऱ्याच टायरांवर हे आकडे एकाच बाजूला असतात आणि नेमकी ती बाजू चेनकव्हरच्या मागे गेलेली असते, तेव्हा चाक फिरवून, वाकून, मोबाइलचा उजेड पाडून पाहावं लागतं. बहुतेक कंपन्यांचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, तो काढावा. कोकणातल्या उन्हात, खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या ओलीत दहा हा आकडा उदारच म्हणायचा. सहा-सात वर्षांनंतर नख रुतत नसेल आणि भिंतीवर भेगा असतील, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

दुकानातून नवा म्हणून मिळणाऱ्या टायरलाही हाच नियम. सावलीत, उभा ठेवलेला टायर वर्षभर जुना असला तर बिघडत नाही. पण कमी खपाच्या मापाचे टायर दुकानाच्या माळ्यावर बरीच वर्षं पडून असतात आणि जुन्या गाड्यांची मापं नेमकी कमी खपाची. पैसे देण्याआधी चार आकडे वाचून घेणं हा अपमान नाही, चांगला दुकानदार ते स्वतःच दाखवतो.

आता रस्ता. टायर कुठला घ्यावा याचं निम्मं उत्तर रस्त्याकडे असतं. पेणहून रोह्याला जायचं तर मुंबई–गोवा महामार्गाने निघायचं. वडखळला अलिबागचा फाटा सोडायचा, गडब, कासू मागे टाकत नागोठण्याला यायचं आणि तिथून भिसे खिंड चढून कुंडलिका नदीच्या काठी, रोह्यात उतरायचं. या महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचं काम 2011 मध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात त्याच्या खड्ड्यांनी वर्तमानपत्रांचे किती रकाने भरले, ते गणपतीला कोकणात जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. एकाच प्रवासात सिमेंटचा पट्टा लागतो, डांबराचा लागतो, पेव्हर ब्लॉकने बुजवलेला खड्डा लागतो आणि वळणरस्त्यावर पसरलेली खडीही लागते. डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या अवजड गाड्या चिखल आणि तेलाचे थेंब सांडत जातात. भिसे खिंडीत झाडांच्या सावलीत ओल लवकर वाळत नाही, कडेला शेवाळ धरतं.

पावसाची भीती मात्र पुष्कळांना चुकीच्या जागी वाटते. टायर पाण्यावर तरंगून गाडी हातातून जाईल, म्हणून खोल नक्षीचा रुंद टायर हवा, असं सांगितलं जातं. पाण्यावर तरंगण्याचा हिशोब अमेरिकेच्या नासाने 1960च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून मांडला. वॉल्टर होर्न या संशोधकाच्या नावाने तो ओळखला जातो. हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं, 10.35 ने गुणायचं. येतो तो तरंगण्याचा वेग, ताशी मैलांमध्ये. पुढच्या चाकात 25 पीएसआय हवा असेल तर हा वेग सुमारे 52 मैल, म्हणजे ताशी 83 किलोमीटर. मोटारसायकलचा टायर गोलसर आणि अरुंद, त्यामुळे पाणी बाजूला सारण्यात तो सपाट टायरपेक्षा उजवाच. पेण–रोहा रस्त्यावर भर पावसात शंभर सीसीची गाडी ऐंशीच्या पुढे कोण नेणार? पण हवा 16 पीएसआयवर उतरू दिली तर तोच आकडा 67 किलोमीटरवर येतो. म्हणजे पाण्यापासून बचाव रुंदीपेक्षा हवेच्या दाबात जास्त आहे. उरलेला धोका पातळ थराचा: पहिल्या सरीने भिजलेली धूळ, डिझेलचा डाग, पांढरा पट्टा, शेवाळ. तिथे नक्षीची खोली फारशी कामाला येत नाही, रबराचा मऊपणा येतो. म्हणजे पुन्हा वय.

हा मऊपणा किती मोलाचा आहे ते आकड्यांत पाहता येतं. गाडी ताशी पन्नास किलोमीटरने चालली आहे आणि रस्ता-टायर यांच्यातला घर्षणाचा गुणांक 0.6 आहे, तर ब्रेक पकडल्यावर ती सुमारे साडेसोळा मीटरमध्ये थांबते. तोच गुणांक 0.4 वर आला की अंतर साडेचोवीस मीटर होतं. आठ मीटरचा फरक. त्यात या जुन्या गाड्यांना पुढे ड्रमब्रेक. स्प्लेंडरचा ड्रम 130 मिलिमीटरचा. 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, किंवा एबीएस सक्तीचं झालं ते 1 एप्रिल 2019 पासून. त्याआधीच्या शंभर सीसीच्या गाडीत चालकाचा हात-पाय आणि टायर, याखेरीज तिसरं कुणी मदतीला नाही.

टायरच्या मापाकडे वळलं की खरी गंमत सुरू होते. हीरो होंडाची सीडी 100 आणि यामाहाची आरएक्स 100 या दोघी 1985 च्या, स्प्लेंडर 1994 ची. जुन्या स्प्लेंडरच्या पुढच्या आणि मागच्या चाकाचं माप एकच: 2.75-18. टायरच्या दुकानात ते दोन-पंचाहत्तर-अठरा असं एका दमात म्हटलं जातं. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, इंचांत. दुसरा रिमच्या व्यासाचा, तोही इंचांत. माप एक असलं तरी टायर एक नाही. पुढच्यावर 4पीआर आणि 42पी लिहिलेलं असतं, मागच्यावर 6पीआर आणि 48पी. पीआर म्हणजे आतल्या थरांच्या ताकदीचं मान. 42 हा भारांक 150 किलोंचा, 48 हा 180 किलोंचा. पी हे अक्षर ताशी 150 किलोमीटरपर्यंतच्या वेगाचं, ज्याची या गाडीला काही गरज नाही. भारांकाची मात्र आहे. मागे बसलेली व्यक्ती, मांडीवर मूल आणि हँडलला पिशव्या, हे चित्र पेणच्या बाजारात रोजचं आहे. स्वस्तात मिळतो म्हणून पुढचा 42 चा टायर मागे चढवला, तर सगळा भार त्या तीस किलोंच्या फरकावर येतो. बजाजच्या बॉक्सर आणि सीटी 100 चं घराणं वेगळं, त्यांच्या रिमा सतरा इंची: पुढे 2.75-17, मागे 3.00-17. अठरा आणि सतरा एकमेकांच्या जागी बसत नाहीत हे उघड आहे, पण फोनवरून टायर मागवताना हीच चूक होते.

नव्या टायरांवर मापं मिलिमीटरमध्ये येतात आणि इथे गोंधळ उडतो. 80/100-18 म्हणजे रुंदी 80 मिलिमीटर आणि भिंतीची उंची रुंदीच्या शंभर टक्के, तीही 80 मिलिमीटर. 80/90-18 म्हणजे उंची नव्वद टक्के, 72 मिलिमीटर. 2.75-18 च्या जागी यांतला कोणता? याचं उत्तर कंपनीनेच दिलेलं आहे. पुढच्या काळातल्या स्प्लेंडर प्लसला 80/100-18 मापाचे ट्यूबलेस टायर आले. 80/100 च्या चाकाचा पूर्ण व्यास सुमारे 617 मिलिमीटर भरतो, 80/90 चा 601. सोळा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्यातले आठ गाडीच्या पोटाखालून जातात आणि भिंतीची उंचीही तेवढीच घटते. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळतं तेव्हा रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ती भिंतच असते. पेण, वडखळ, कोलाड या पट्ट्यात गाडी चालवायची तर उंच भिंतीचा टायर घ्यावा. शिवाय या जुन्या गाड्यांची स्पीडोमीटरची वायर पुढच्या चाकातून निघते. पुढे कमी व्यासाचा टायर बसवला की काटा वेग वाढवून सांगतो आणि किलोमीटरही फुगतात. मग मालक अॅव्हरेज वाढलं म्हणून खूश होतो!

आणि रुंद टायर. टायरच्या दुकानात जुन्या गाडीवाल्याचं ठरलेलं वाक्य असतं, ‘‘दादा, मागे जरा जाड टाका, गाडी भरीव दिसेल.’’ पल्सरचा 100/90 स्प्लेंडरला लावायची हौस जिल्ह्यात जुनी आहे. दिसण्याबद्दल वाद नाही. पण त्या गाडीच्या रिमची रुंदी पाहिली पाहिजे. शंभर सीसीच्या जुन्या गाड्यांच्या रिमवर 1.40 किंवा 1.60 असा आकडा ठोकलेला असतो, म्हणजे रिम जेमतेम दीड इंच रुंद. 100/90 ला दोन इंचांहून रुंद रिम लागते. अरुंद रिमवर बसवलेला रुंद टायर दोन्ही कडांनी आत खेचला जातो, वरून फुगतो, त्याचा माथा टोकदार होतो आणि सरळ चालताना रस्त्याला टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी विचित्र आकाराचा होतो. वळणावर गाडी लडबडते. चिमट्याला, म्हणजे मागच्या स्विंगआर्मला, नाहीतर चेनकव्हरला टायर घासू लागतो. साडेसात अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनाला जास्तीचं वजन ओढावं लागतं आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. एवढं सगळं सोसून मिळतं काय, तर उभ्या गाडीचा रुबाब.

टेकणाऱ्या भागाचा हिशोबही या हौसेच्या विरोधात जातो. गाडीचं वजन 109 किलो, स्वार 65 किलोंचा. त्यातले सुमारे 75 किलो पुढच्या चाकावर आले आणि हवा दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोन किलो असली, तर टायर साधारण 43 चौरस सेंटिमीटर रस्त्याला टेकतो. दाब तोच ठेवला तर रुंद टायर घेऊनही हे क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, फक्त त्याचा आकार बदलतो. साडेसहा सेंटिमीटर लांब-रुंद एवढ्या रबरावर पुढचा सगळा ब्रेक चालतो, म्हणून खर्च करायचा तर पुढच्या टायरवर आधी करावा. रीत उलटी आहे. मागचा लवकर झिजतो, त्यामुळे मागचा दोनदा-तीनदा बदलला जातो आणि पुढचा ‘‘अजून आहे की’’ म्हणून कारखान्यातून आलेलाच राहतो. पंधरा वर्षांच्या गाडीला पंधरा वर्षांचा पुढचा टायर, हे दृश्य आरटीओच्या आवारात दुर्मीळ नाही.

नक्षीबद्दल थोडक्यात. जुन्या गाड्यांना पुढे उभ्या, अखंड खाचांचा टायर असतो, मागे तुकड्या-तुकड्यांचा. पुढच्या चाकाचं काम दिशा धरणं आणि थांबवणं, त्याला या सलग धारा आडव्या घसरणीपासून सांभाळतात. मागच्याचं काम ढकलणं, तिथे आडव्या खाचा लागतात. हा जुना संसार अजूनही चांगला चालतो. मोठ्या ठोकळ्यांचे बटण टायर शेताच्या बांधावर आणि खाचरातल्या चिखलात उपयोगी आहेत, पण ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर त्यांचं फार थोडं रबर टेकतं आणि ते सुटे ठोकळे वाकतात. रोज महामार्ग गाठायचा असेल तर त्यांचा मोह टाळलेला बरा. टायरच्या बाजूला बाण असतो तो फिरण्याच्या दिशेचा. काही टायरांवर पुढच्यासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा, असे दोन बाण असतात, कारण पुढच्या टायरवर मोठा ताण ब्रेकचा येतो आणि मागच्यावर ओढीचा.

ट्यूबलेसचा प्रश्न प्रत्येक दुकानात निघतो. तारांच्या चाकात ट्यूबलेस ही सोय नाही, कारण तारेच्या प्रत्येक निपलशेजारून हवा निसटते. ट्यूबलेस लिहिलेला टायर तारांच्या रिमवर ट्यूब घालून वापरता येतो, पण मग पंक्चर झाल्यावर तो ट्यूबवाल्यासारखाच बसतो. फसगत होते ती अॅलॉय चाकांत. अॅलॉय आहे म्हणजे ट्यूबलेस चालेल असं नाही. सुरुवातीच्या काळातली कित्येक अॅलॉय चाकं ट्यूबच्या टायरसाठीच ओतलेली होती. टायरची कड जागेवर धरून ठेवणारा आतला उंचवटा त्यांना नसतो. रिमवर ‘ट्यूबलेस’ असं कोरलेलं नसेल तर ट्यूब घालावीच.

किनाऱ्याजवळच्या गाड्यांचा वेगळा आजार रिममध्ये दडलेला असतो. धरमतर खाडीच्या बाजूची गावं, खारेपाटातले बांध, तिथून येणारी हवा लोखंडाला सोडत नाही. बाहेरून क्रोम चमकतो, पण टायर उतरवला की आत गंजाचे पापुद्रे निघतात. तारांची टोकं आणि ट्यूब यांच्यामध्ये एक रबरी पट्टी असते. तिचं भान कुणाला नसतं. ती तुटली किंवा सरकली की गंजलेलं टोक आतून ट्यूबला टोचत राहतं. टायर नवा, ट्यूब नवी, तरी दर पंधरा दिवसांनी पंक्चर, अशी तक्रार घेऊन माणूस दुकान बदलत राहतो. पंक्चरवाल्याला विचारलं पाहिजे की भोक ट्यूबच्या कुठल्या बाजूला आहे. बाहेरच्या बाजूला असेल तर खिळा, आतल्या बाजूला असेल तर रिम. आणि सापाच्या दंशासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं असतील, तर हवा कमी होती आणि खड्ड्याने ट्यूब रिममध्ये चिमटली.

कंपन्यांची निवड लोकांना वाटते तितकी अवघड नाही. एमआरएफची सुरुवात 1946 मध्ये मद्रासजवळ फुगे बनवण्याच्या छोट्या कारखान्यातून झाली, सिएटच्या नावातला ‘ट’ इटलीतल्या तोरिनो शहराचा आहे आणि ती भारतात 1958 मध्ये आली. आता सिएटचा दुचाकींच्या टायरांचा कारखाना नागपूरजवळ बुटीबोरीला आहे, टीव्हीएसचे टायर मदुराईचे. या तिघींचे 2.75-18 आणि 80/100-18 रायगडात सहज मिळतात. नायलोग्रिप, सिक्युरा, माइलेझ अशा नावांमागे दोन वेगळी मिश्रणं असतात: एक कडक, जास्त किलोमीटर देणारं, दुसरं मऊ, पकड देणारं आणि लवकर झिजणारं. कमी चालणाऱ्या जुन्या गाडीला किलोमीटर देणाऱ्या टायरचा काय उपयोग? तो झिजण्याआधी वयाने जाणार आहे. तिथे मऊ टायर घेण्यातच शहाणपण आहे, पुढे तर नक्कीच. रोज रोह्याहून नागोठण्याला कामावर जाणाऱ्याचं गणित अर्थातच उलटं. आयएसआयचं चिन्ह आणि त्याशेजारी आयएस 15627 हा मानक क्रमांक पाहून घ्यावा. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या साठ्यावर जुनी किंमत छापलेली असली तरी विचारणा करायला हरकत नाही. रबर चढवून पुन्हा विकले जाणारे रिमोल्ड टायर ट्रकच्या मागच्या जोडचाकांसाठी एक वेळ समजू शकतात. दुचाकीला एक फुटला तर दुसरा सोबत नसतो.

टायर निवडण्याइतकंच तो कसा चढतो याला महत्त्व आहे आणि हे काम समोर उभं राहून पाहण्यासारखं असतं. कसलेला माणूस आधी रिम तारेच्या ब्रशने घासतो, बाहेर आलेली तारेची टोकं कानशीने बसवतो, नवी पट्टी ओढून घेतो. ट्यूब नवीच घालतो, कारण जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते आणि नव्या टायरमध्ये तिची घडी पडते. ट्यूबला पावडर लावतो, थोडी हवा भरून तिला गोल करतो, मग टायरच्या पोटात बसवतो. कडेला साबणाचं पाणी. लोखंडी पट्ट्यांनी टायरची कड चढवताना तो समोरची बाजू गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलतो, म्हणजे इकडे ढील मिळते आणि पट्टीला जोर लागत नाही. जोर लागतो तिथेच ट्यूब चिमटते. हवा भरून सोडतो, पुन्हा भरतो, म्हणजे आतली सुरकुती निघते. शेवटी चाक फिरवून पाहतो: टायरच्या भिंतीवर रिमला समांतर एक बारीक रेघ उठवलेली असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत बुडालेली असेल तर टायर नीट बसलेला नाही आणि गाडी त्या लयीत उड्या मारणार.

व्हॉल्व्हची चकती मात्र तो रिमला घट्ट आवळत नाही. हवा कमी असली की ब्रेकच्या झटक्याने टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला ओढतो. चकती सैल असेल तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि मालक सावध होतो. आवळलेली असेल तर व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो आणि हवा एका क्षणात जाते.

चाक उघडलंच आहे तर लायनर, बेअरिंग आणि मागच्या चाकातले रबरी डॅम्पर पाहून घ्यावेत. चेन ताणताना चिमट्यावरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि नवा टायर एका कडेने झिजतो. हवा स्प्लेंडरसारख्या गाडीला एकट्यासाठी पुढे 25, मागे 28 पीएसआय. मागे माणूस बसणार असेल तर मागची त्याहून बरीच वाढवावी लागते आणि तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. हवा थंड टायरमध्ये, पंधरवड्यातून एकदा. पहिले शंभरेक किलोमीटर ब्रेक आणि वळणं जपून, कारण नव्या टायरचा गुळगुळीत, चकचकीत थर रस्त्यावर घासून जायला तेवढं चालावं लागतं. नव्या टायरचं पहिलं वळण भर पावसात भिसे खिंडीत येऊ नये, म्हणून टायर मे महिन्यात बदलणारे लोक शहाणे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानासमोर रांग असते.

उतरवलेला टायर बहुतेकदा घरी परत येतो. कुणी त्याला कुंडी करतं, कुणी गोठ्याच्या पत्र्यावर वजन म्हणून ठेवतं, खाडीकाठी तो होडीच्या कडेला बांधला जातो. नुसता अंगणात टाकला तर त्याच्या पोटात पावसाचं पाणी साचतं, ते कितीही झटकलं तरी पूर्ण निघत नाही, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला अशीच काळी, सावलीतली, स्वच्छ पाण्याची जागा हवी असते. 1985 मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनला आशियाई टायगर डासाची मोठी वसाहत आढळली. तो आशियातून आलेल्या जुन्या टायरांच्या मालातून समुद्र ओलांडून तिथे पोचला होता. जुने टायर गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी जुलै 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे टायर दुकानातच सोडून येण्यात काही गैर नाही. घरी आणायचाच असेल तर त्याला खालच्या बाजूने दोन-तीन भोकं पाडून घ्यावीत. दुकानात अवजार हाताशी असतं तेव्हा हे काम दोन मिनिटांचं आहे.